बारीक ताप : एक जुनी दिक्कत

माझी धाकटी मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. संध्याकाळ झाली की तिचं कपाळ कोमट लागायचं. सकाळी शाळेला निघताना हात लावला तर अंग गार. सासूबाई म्हणायच्या, "दांत निकल रै उसके, कुछ नै होता." मीही तेच धरून चालले. घराजवळच्या औषधाच्या दुकानातून ताप उतरायचे थेंब आणले होते, ते दिले की कणकण जायची. असे किती दिवस गेले ते मला सांगता येत नाही. गोष्ट तिथेच अडली, कारण शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताप येऊन आज कितवा दिवस?" मी म्हणाले, "आठेक दिवस असतील." त्या म्हणाल्या, "आठ की बारा? मोजलेला सर्वात जास्त ताप किती?" घरात थर्मामीटर होता. आम्ही तो एकदाही लावला नव्हता.

बीएडच्या परीक्षेतही मी इतकी गप्प बसले नसेन.

पुढे लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. ना सर्दी, ना खोकला, ना जुलाब, आणि तरीही ताप रेंगाळतो. लहान मुलांत, विशेषतः मुलींत, त्यामागे असं कारण बऱ्याचदा असतं. औषधाचा कोर्स झाला, मुलगी बरी झाली. माझ्या डोक्यातून मात्र 'कितवा दिवस' जाईना. मग मी जुनी पुस्तकं उघडली आणि लक्षात आलं की तापाचे दिवस मोजणं ही वैद्यकातली फार जुनी शिस्त आहे. आम्ही ती घरातून घालवून बसलो होतो.

इब्न सिना (980 ते 1037) यांच्या 'अल्-कानून फित्तिब' या ग्रंथाचे पाच भाग आहेत. त्यातला चौथा भाग सुरू होतो तोच तापांपासून. यूनानी हकीम तापाचे मोठे तीन गट करत. 'हुम्मा-ए-यौम' म्हणजे एखाद्या दिवसात उतरणारा, उन्हातान्हाचा, दमणुकीचा ताप. दुसरा, शरीरातले रस बिघडून येणारा. तिसरा 'हुम्मा-ए-दिक', थेट अवयवांत मुरलेला. हा फरक समजावायला ते हमामाचा दाखला देत. नुसती हवा गरम असेल तर दार उघडलं की हमाम निवतो. पाणी गरम असेल तर वेळ लागतो. पण भिंतीच तापल्या असतील तर हात लावून चटकन कळतही नाही आणि लवकर निवतही नाहीत. ही शरीररचना आज कोणी मानत नाही, मानूही नये. पण ताप चढा असणं आणि ताप गंभीर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दाखल्यात पक्कं बसलेलं आहे.

भाषेच्या शिक्षिकेला इथे थोडं थांबल्याशिवाय राहवत नाही. अरबीत 'दिक' म्हणजे बारीक, सूक्ष्म. क्षयाला आपण 'तपेदिक' म्हणतो तो शब्द इथला, आणि मराठीत रोज वापरतो ती 'दिक्कत'ही त्याच धातूची. आयुर्वेदात जीर्णज्वराचं लक्षण सांगताना तीन आठवडे उलटून गेलेला आणि 'तनु' झालेला ताप असं वर्णन येतं. तनु म्हणजेही बारीक. आमच्या आया म्हणतात, "बारीक ताप येतो पोराला." बगदाद, वैद्याचा वाडा आणि आमची गल्ली, तिघांनी एकच विशेषण निवडलं!

या बारीक तापाबद्दल जुन्या वैद्यांचं एक निरीक्षण होतं. सुरुवातीला तो बरा करणं सोपं पण ओळखणं कठीण. पुढे ओळखणं सोपं आणि बरा करणं कठीण. हे इतकं सर्वतोमुखी होतं की मॅकियाव्हेलीने 'द प्रिन्स'मध्ये राज्यकारभाराला हाच दाखला दिला. 

मग ओळखायचं कसं? हकीम दिवस मोजत. सातवा, चौदावा आणि विसाव्याच्या आसपासचा दिवस 'बोहरान'चा, म्हणजे आजार इकडे किंवा तिकडे वळण्याचा. उर्दू वर्तमानपत्रांत आज 'सियासी बोहरान' वाचतो तो शब्द रुग्णाच्या खाटेपासून निघालेला आहे. टायफॉइडला आपण 'मुदतीचा ताप' आणि उर्दूत 'मियादी बुखार' म्हणतो, त्यातही दिवसांचाच हिशेब आहे. 

दिवस मोजता येत होते, ताप मोजता येत नव्हता. तो मोजण्याची एक सुरुवात इब्न सिनांच्याच पुस्तकाच्या समासात झाली म्हणायला हरकत नाही. पादुआचे सान्तोरिओ यांनी 'कानून'वर भाष्य लिहिलं, ते 1625 मध्ये व्हेनिसला छापलं गेलं, आणि त्यात रुग्णाच्या तोंडात धरायच्या थर्मामीटरचं चित्र आहे. त्यानंतर मात्र अडीचशे वर्षं हे यंत्र दवाखान्यात रुळलं नाही. लाइपझिगच्या वुंडरलिख यांनी सुमारे 25,000 रुग्णांच्या नोंदींवरून 1868 मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा त्यांचा थर्मामीटर फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरावा लागे. सव्वा वर्षाच्या पोराला वीस मिनिटं एका जागी धरून दाखवा! त्याच सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर करवून घेतला, तो पाच मिनिटांत ताप सांगे. आज आपल्या कपाटात असतो तो त्याचा वंशज.

वुंडरलिखना आपण 98.6 या आकड्यासाठी लक्षात ठेवतो. त्यांचं मोठं काम वेगळं होतं. निरोगी माणसाचंही अंग पहाटेपेक्षा संध्याकाळी थोडं गरम असतं, हे त्यांनी नोंदवलं. एकट्या आकड्याला फार अर्थ नाही, रोज ठरल्या वेळी मोजून त्याची रेघ काढली की आजार बोलू लागतो, हे त्यांनी दाखवलं. टायफॉइडची रेघ वेगळी, हिवतापाची वेगळी. आम्ही थेंब देऊन ती रेघच पुसून टाकत होतो. मुलाला त्रास होत असेल तर पॅरासिटामॉल जरूर द्यावं, पण वजनाप्रमाणे, आणि देण्याआधी ताप मोजून लिहावा. 

आता दातांचं. सासूबाईंना मी दोष देत नाही, कारण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्युनोंदीत 'दात येणे' हे बाळांच्या मृत्यूचं कारण म्हणून रीतसर लिहिलं जाई आणि डॉक्टर हिरड्यांना चीर देत. सहा महिने ते अडीच वर्षं या काळात मुलाला सतत कुठला ना कुठला दात येतच असतो; त्यामुळे त्या वयातला कुठलाही आजार दातांच्या नावावर खपतो. दात येताना अंग किंचित कोमट होऊ शकतं. थर्मामीटर 100.4 किंवा वर गेला तर कारण दुसरीकडे शोधायचं.

आजची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं वाचताना मला मौज वाटली, कारण तिथे पुन्हा दिवसच मोजलेले आहेत. ताप पाच दिवस टिकला तर मुलाला डॉक्टरांनी नीट तपासावं. या पाचाच्या मागे इतर गोष्टींबरोबर जपानच्या कावासाकी यांचं कामही आहे. 1967 मध्ये त्यांनी 50 मुलांच्या नोंदींवरून असा एक आजार मांडला की ज्यात ताप पाच दिवस हटत नाही आणि पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेची बालरोगांची पद्धत म्हणते, सात दिवसांहून जास्त रोज ताप असेल तर पुढच्या तपासणीला पाठवा. दोन आठवडे ताप किंवा खोकला आणि वजन वाढत नाही, तर आपल्याकडे क्षयाचा विचार करतात. म्हणजे तोच जुना 'दिक'. फरक इतका की 1882 मध्ये कॉख यांनी त्याचा जंतू दाखवला आणि आज त्यावर औषध आहे. बीसीजीची लस टोचलेली आहे म्हणून ही शंकाच नको, असं मात्र नाही. ती लस लहानग्यांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून बरंच वाचवते, सगळ्यापासून नाही. 

हे दिवस मोजत बसण्याची मुभाही सगळ्यांना नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. हिवतापाच्या भागात पहिल्याच दिवशी रक्ताची तपासणी. आणि मूल दूध-पाणी घेत नसेल, पोटात काही ठरत नसेल, झटका आला असेल, सुस्त पडून हाकेला नीट जागं होत नसेल, श्वास जोरात चालत असेल, तर ताप 99 असो की 103, रात्र असो की ईदची सकाळ, उठून निघायचं. उलट 101 ताप असूनही मूल खेळतंय, पितंय, लघवी करतंय, तर पहिले दोन-तीन दिवस लक्ष ठेवून थांबता येतं. 

दवाखान्यातून आलो त्या रात्री सासूबाईंनी स्वतः वही मागितली. त्यांना मराठी लिहिता येत नाही, उर्दू येतं. उजवीकडून तारीख, मग सुबह, मग शाम, आणि शेवटच्या रकान्यात 'दूध पिया' किंवा 'नहीं पिया'. ती वही आमच्या फ्रिजवर अजून आहे. मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, "खाला, बाळाला कणकण आहे." मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला आणि विचारलं, "आज कौनसा दिन है?"