शुक्रवार-शनिवारचा हिशेब

सोमवारी सकाळी मशीन चालू केलं की पहिली समोर येते ती टाईमशीट. गेल्या आठवड्याचे तास कुठल्या कुठल्या कामावर 'खर्च' झाले ते भरायचं. आता मागच्या बुधवारी दुपारी तीन वाजता मी नक्की काय करत होतो हे ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का? मग सगळे करतात तेच मीही करतो. मागची शीट कॉपी, पेस्ट, सबमिट. हुश्श!

पण समजा, एखाद्या सोमवारी तिच्या जागी भलताच कागद पुढ्यात आला. त्यात म्हटलंय, साहेब, ऑफिसचं राहू द्या. गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी कामाव्यतिरिक्तच्या वेळात तुम्ही काय काय केलंत ते पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने लिहा. आधी कसली सूचना नाही, की बुवा सोमवारी विचारणार आहोत, तेव्हा शनिवारी जरा पळून घ्या. काय लिहाल?

१९६८ ते १९७० या काळात ब्रिटनमधल्या जवळजवळ १७,००० सरकारी अधिकाऱ्यांवर हा प्रसंग खरोखर आला होता. कागद पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव जेरी मॉरिस. 'हार्टसाठी व्यायाम चांगला' हे वाक्य आज आपण बिर्याणीचा घास तोंडात असतानाही सहज बोलतो. पण मॉरिसच्या आधी ते बरंचसं ऐकीव शहाणपण होतं. आकडे मांडून ते दाखवायला ज्यांनी सुरुवात केली त्यांत हा माणूस अगदी पहिल्या फळीत होता.

त्या सोमवारच्या कागदापर्यंत पोचायचं तर आधी बसमध्ये चढायला हवं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमधल्या डॉक्टरांपुढे एक कोडं उभं होतं. मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने पटापट जायला लागले होते, आणि का, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मॉरिस युद्धकाळात लष्करी डॉक्टर म्हणून काही वर्षं हिंदुस्थानातही होते. परत गेल्यावर १९४८ साली लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये नवं संशोधन केंद्र निघालं, त्याची सूत्रं त्यांच्याकडे आली. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं डॉल आणि हिल ही जोडी त्याच सुमारास उलगडत होती. मॉरिसला वाटलं, हृदयाच्या बाबतीत माणसाच्या कामधंद्यात काही धागा सापडतो का बघू.

आणि त्यांना सापडली लंडनची डबल डेकर.

आपल्यातल्या ज्यांनी मुंबईच्या लाल डबल डेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायला धाव घेतलेली आहे (जुन्या डिझेलवाल्या २०२३ मध्ये बंद झाल्या, आता विजेवरच्या आल्यात), त्यांना चित्र समजावून सांगायला नको. ड्रायव्हर पुढे आपल्या केबिनमध्ये बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं काढत खाली-वर, खाली-वर. दोघांचा पगार, वस्ती, घरचं जेवण, साधारण एकाच वर्गातलं. फरक एवढाच की ड्रायव्हर ड्युटीतला ९० टक्के वेळ बूड टेकून असायचा आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. (आमच्या मुंबईत जुन्या डबल डेकरला दोन कंडक्टर असायचे, एक वर आणि एक खाली. मॉरिस मुंबईला हा प्रयोग करायला आले असते तर पंचाईत झाली असती :-) )

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. दोन गट, सगळं जवळपास सारखं, एकच गोष्ट वेगळी. आणि हा प्रयोग कुणी मुद्दाम लावलेला नव्हता. तो लंडनच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं आपोआप चालूच होता, फक्त निकाल कुणी वाचला नव्हता. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० बसवाल्यांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी घेऊन बसले. ड्रायव्हरांमध्ये वर्षाला हजारी २.७ जणांना नव्याने हृदयविकार, कंडक्टरांमध्ये १.९. आणि झटका आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांत दुपटीहून जास्त!

आता माझ्यासारख्याने लगेच सगळ्या ग्रुपला मेल टाकली असती. मॉरिसनी तसं केलं नाही. बसमध्ये दिसलं ते दुसरीकडे दिसतं का बघायला ते पोस्टखात्याकडे वळले. पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेलिफोनवर आणि टेबलाशी बसणारे कर्मचारी दुसऱ्या बाजूला. तिथेही तेच. मग १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापून आला. बऱ्याच डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसला नाही. हृदयासारख्या गोष्टीचा संबंध जिने चढण्याशी?

शंका अगदीच चुकीच्या नव्हत्या. ड्रायव्हर मुळातच जाडजूड माणसं असतील तर? बारीक, चपळ माणूस कंडक्टर होत असेल आणि सुस्त माणूस स्टिअरिंगमागे जात असेल तर? इथे मॉरिसनी जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त आवडतं. ते शिंप्याकडे गेले! म्हणजे कंपनी बसवाल्यांना युनिफॉर्म द्यायची, आणि कुणाच्या पँटची कंबर किती इंचाची, याच्या नोंदी तिच्याकडे होत्या. १९५६ साली त्या नोंदींवर निबंध आला. कुणीतरी पँट शिवायला लिहून ठेवलेला डेटा विज्ञानाच्या कामी आला. सर्व्हरवरचे लॉग 'कशाला ठेवायचे, डिस्क भरते' म्हणून पुसून टाकणाऱ्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

पँटींनी काय सांगितलं? शंका बऱ्याच अंशी खरी होती. ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या होत्या, अगदी तरुण वयापासून. पण पुढे आणखी एक गोष्ट निघाली. बारीक ड्रायव्हर विरुद्ध बारीक कंडक्टर, पोट सुटलेला ड्रायव्हर विरुद्ध पोट सुटलेला कंडक्टर, अशी जोडी लावली तरी अचानक मरण्यात ड्रायव्हरच पुढे. म्हणजे सगळा दोष पोटावर ढकलून चालत नव्हतं. जिन्याचं म्हणून काहीतरी उरतच होतं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून आपल्यासारख्यांनी काय करायचं? नोकरी सोडून कंडक्टर व्हायचं? मॉरिसनाही तोच प्रश्न पडला असणार. कारण बसायची कामं वाढत चालली होती, पायऱ्यांची कमी होत होती. कामातून व्यायाम होत नसेल आणि तो फावल्या वेळात केला, तर चालतं का? हे तपासायला त्यांना अशी माणसं हवी होती की जी सगळीच्या सगळी दिवसभर खुर्चीत बसतात. ती कुठे मिळणार? बरोब्बर, सरकारी कचेरीत. (तेव्हा आपला धंदा एवढा फोफावला नव्हता, नाहीतर आपल्याकडेच आले असते.)

आणि म्हणून तो सोमवारचा कागद. ४० ते ६४ वयाचे पुरुष अधिकारी. शुक्रवार म्हणजे कामाचा दिवस, शनिवार म्हणजे सुट्टीचा. अचानक विचारायचं, म्हणजे माणूस 'मी तसा रोज फिरायला जातो हो' छाप उत्तर देऊ शकत नाही. कुठे, कधी, किती मिनिटं ते लिहावं लागतं. पोहणं, पळणं, झपझप चालणं, बागेत खणणं, अशी मिनिटाला साडेसात कॅलरी जाळू शकणारी कामं 'जोरकस' धरली.

पुढची काही वर्षं या लोकांवर नजर ठेवली. निकाल १९७३ साली आला. ज्यांच्या दोन दिवसांत जोरकस काही सापडलं, त्यांचा हृदयविकाराचा धोका तसं काही न करणाऱ्या त्यांच्यासारख्याच माणसांच्या साधारण एक तृतीयांश!

पण मला जो निबंध झोंबला तो याच्या पुढचा, १९९० सालचा. १९७६ मध्ये मॉरिसनी पुन्हा ९,३७६ अधिकारी घेतले आणि सरासरी नऊ वर्षांहून जास्त काळ त्यांचा माग ठेवला. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा दमवणारा खेळ खेळणाऱ्यांत हृदयविकार निम्म्याहून कमी, हे पुन्हा दिसलं. आणि जे तरुणपणी भरपूर खेळायचे पण आता सोडून दिलंय, त्यांना फायदा? शून्य. काहीही नाही. कधीच न खेळलेल्यांच्या रांगेत उभे.

मी कॉलेजात खो-खो खेळायचो. चांगला खेळायचो. त्या खो-खोवर मी गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात जगतोय. चाळिशीतल्या प्रत्येक मित्राकडे असा एक खो-खो असतो. कुणाचं क्रिकेट, कुणाचे ट्रेक, कुणाच्या तालमीतल्या जोर-बैठका. आणि इथे हा माणूस हजारो लोकांचा हिशेब मांडून सांगतोय की ही रजा कॅरी फॉरवर्ड होत नाही. लॅप्स होते. एचआरकडे दाद नाही.

असो. आता खाण्याकडे येऊ, कारण शुक्रवार-शनिवार म्हटला की आपल्याकडे व्यायामाच्या आधी तेच येतं. आपल्या ऑफिसात सगळ्यांच्या डोक्यात एक जमाखर्चाची वही असते. एक मिसळ म्हणजे ट्रेडमिलवर इतकी मिनिटं, टीम डिनरची बिर्याणी म्हणजे दोन दिवस सॅलड. मॉरिसच्या गटाने याही वहीत डोकावून बघितलं. १९५६ ते १९६६ या काळात लंडन आणि आसपासच्या ३३७ धडधाकट मध्यमवयीन पुरुषांनी, त्यांत बँकवाले होते आणि आपले जुने बसवालेही, आठवडाभर आपण खातो तो प्रत्येक पदार्थ वजन करून लिहिला. १९७६ अखेर त्यांच्यातल्या ४५ जणांना हृदयविकार झाला. कुणाला? गंमत म्हणजे जास्त कॅलरी खाणाऱ्यांत तो कमी होता, कमी खाणाऱ्यांत जास्त!

थांबा, लगेच ऑर्डर देऊ नका. जास्त खाणारे ते जास्त हलणारे असावेत, म्हणून त्यांना भूक होती आणि ते खात होते, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. शिवाय धान्यातला चोथा जास्त खाणाऱ्यांतही आजार कमी दिसला, तो वेगळा मुद्दा. ३३७ म्हणजे काही फार मोठी संख्या नाही, आणि एवढ्यावर बिर्याणीला क्लीन चिट मिळत नाही. पण आपल्या वहीतली मांडणी मला तेव्हापासून जरा पोरकट वाटायला लागली. आपण खाण्याची शिक्षा म्हणून पळतो. त्या लंडनवाल्यांच्यात गाडी उलट्या बाजूने चालली होती.

मॉरिसच्या कामात उणिवा आहेत. बसवाले पुरुष, अधिकारी पुरुष, आहार लिहिणारेही पुरुष. दिवसभर ऑफिस करून घरी ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल यातलं एक अक्षर काही सांगत नाही. आणि जोरकस व्यायामावरच त्यांनी जो भर दिला तो पुढच्या संशोधनाने थोडा सैल केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस, दोन्ही चालतं. आपल्या कामाची बातमी म्हणजे २०१७ मधला इंग्लंड-स्कॉटलंडचा एक अभ्यास. सुमारे ६३,००० लोकांत, जे सगळा व्यायाम आठवड्याच्या एक-दोन दिवसांत उरकून घेतात त्यांचं मृत्यूचं प्रमाणही काहीच न करणाऱ्यांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे वीकएंडवालेही अगदीच वाया गेलेले नाहीत. फक्त वीकएंडला ते करायला हवं, हीच काय ती मेख.

स्वतः मॉरिस आपले आकडे बघून व्यायामाला लागले. १९६०च्या दशकात लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर रविवारी सकाळी ते पळायचे, तेव्हा लोकांना हे गृहस्थ ठार वेडे वाटायचे. नव्वदी उलटल्यावरही त्यांचं ऑफिसात येणं चालू होतं. २००९ साली गेले, ९९ वर्षांचे होऊन. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट आहे. ग्लासगोला असताना वडील पोरांना चार मैल चालायला न्यायचे, आणि तासाच्या आत पोचलं तर आईस्क्रीम मिळायचं. मजा बघा, १९९०च्या निबंधात चालण्याचा फायदा दिसला तो भरभर चालणाऱ्यांना, आणि भरभर म्हणजे ताशी चार मैलांच्या वर. आईस्क्रीमचाच वेग!

गेल्या सोमवारी टाईमशीट बाजूला ठेवून मी कोऱ्या कागदावर माझे शुक्रवार-शनिवार लिहिले. प्रामाणिकपणे, पाच-पाच मिनिटांनी. शुक्रवारी रिलीज, म्हणून रात्री साडेनऊपर्यंत खुर्ची. मग टीमबरोबर जेवण, साडेबारापर्यंत. शनिवारी दहाला उठलो, मित्रांबरोबर मिसळ, दुपारी झोप, संध्याकाळी एका पोराचा वाढदिवस, रात्री सिनेमा. यातलं नको असलेलं मला काहीच सापडलं नाही. मित्र, मिसळ, वाढदिवस, यातलं काय कापू? जोरकस या रकान्यात मात्र एकच नोंद होती. शुक्रवारी ऑफिसातली लिफ्ट बंद होती, सहा मजले, चार मिनिटं.

काल शनिवारी मिसळवाल्याकडे गाडीने न जाता लांबच्या रस्त्याने चालत गेलो. नकाशावर मोजून बरोबर चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरला थोडं कमी. एक तास एकोणीस मिनिटं लागली. पोरं वाट बघून कंटाळली होती, आणि मिसळ दोन प्लेट खाल्ली.