श्यामची आई घराघरात, सांगवीकर कॉलेजात

जळगाव-धुळ्यात कुणालाही विचारा, मराठीतली गाजलेली कादंबरी कोणती? ‘श्यामची आई’ हे नाव येतंच. मग ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘स्वामी’. ‘कोसला’ म्हणणारा बहुतेक मराठी घेऊन बी.ए. झालेला निघतो.

गंमत बघा. श्यामचं पालगड तिकडे कोकणात. ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर आपल्या खानदेशचा, लिहिणारे नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. तरी कोकणातलं घर आपलं वाटतं आणि तापीकडचं परकं. माझ्या मते ही नुसती आवडनिवड नाही. शाळेच्या पुस्तकाने लावलेली सवय आहे.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीताप्रवचनं टिपून घेतली, आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं. एक रात्र, एक प्रसंग, वर शिकवण. धडा करायला कात्रीसुद्धा लागत नाही! त्यात १९५३ ला अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. अत्रे स्वतः मुख्याध्यापक राहिलेले, ‘नवयुग वाचनमाला’ काढणारे. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ ला छापून आली तीही त्यांच्याच प्रस्तावनेसह. पुढे ती पाठ्यपुस्तकात गेली आणि आपली बोली पार कोल्हापूरपर्यंतच्या पोरांनी पाठ केली. कविता पुस्तकात अख्खी मावते, कादंबरीचं तसं नाही.

‘कोसला’ १९६३ ची. चारच वर्षांनी, १९६७ ला, बालभारती सुरू झाली. पण हा पांडुरंग बापावर चिडतो, होस्टेलात पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परततो. ‘या पाठातून काय बोध घ्याल’ या प्रश्नाला गाईडवाला तरी काय उत्तर छापणार? लहानग्या मनीच्या मृत्यूचा भाग सुटा काढता येईल, पण तो वर्गात उभं राहून वाचायला छाती पाहिजे. म्हणून ‘कोसला’ कॉलेजात राहिली. २०१४ च्या ज्ञानपीठानंतर आपल्याकडे अभिनंदनाचे फलक भरपूर लागले, पण त्यातल्या किती जणांनी ती वाचली असेल, सोडा.

मला खरी हळहळ आहे ती ‘श्यामची आई’चीच. पाय मळू नयेत म्हणून आईने ओचे पसरले, तो प्रसंग सगळ्यांना माहीत. पण ते पुस्तक कर्जाने पोखरलेल्या घराचंही आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, आईला नाही नाही ते ऐकवतो, आणि वडील मान खाली घालून असतात. हे फारसं कुणाला आठवत नाही. ज्या कापूसपट्ट्यात सोसायटीची नोटीस आली की घरात चूल थंड होते, तिथल्या पोरांना श्याम भेटतो तो फक्त शहाणा मुलगा म्हणून. धड्याच्या वरच्या लेखक-परिचयात पुस्तकाचं नाव असतं, ते एका मार्काला विचारतात, विषय संपला.

ओळखीतल्या गुरुजींना आणि मॅडमना एवढंच सांगणं आहे. यंदा आईचा धडा झाला की शाळेच्या कपाटातून अख्खं पुस्तक काढा आणि कर्जाच्या त्या रात्री वर्गात मोठ्याने वाचा. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे असते, मागून घ्या.