न पोहोंचलेली तबकडी

एखाद्या कलाकृतीची तिच्या काळीं उपेक्षा झाली असें आपण म्हणतों, तेव्हां त्या शब्दांत नकळत रसिकांवर एक ठपका ठेवलेला असतो. कृति त्यांच्यासमोर आली, त्यांनीं ती पारखली आणि बाजूला सारली, असा त्याचा ध्वनि निघतो. कांहीं वेळां हें खरेंहि असतें. परंतु जी वस्तु रसिकांच्या कानांपर्यंत पोहोंचलीच नाहीं, तिची त्यांनीं उपेक्षा केली असें म्हणणें कितपत न्याय्य आहे? आज मी ज्या तबकडीविषयीं बोलणार आहें, तिच्या बाबतींत हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाहीं. तिच्या अपयशाचा अर्थ काय लावावयाचा, या एका गोष्टीनें तिच्या कर्त्याचें मन खचलें.

ती तबकडी म्हणजे "बिग स्टार" या चौघा तरुणांच्या संचानें १९७२ सालीं काढलेली "नंबर वन रेकॉर्ड". अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेलें मेंफिस हें या चौघांचें गांव. संगीताच्या इतिहासांत या गांवाचा मान मोठा आहे. एल्विस प्रेस्लीनें आपलीं पहिलीं गाजलेलीं गाणीं १९५४ सालीं येथेंच मुद्रित केलीं. पुढें "स्टॅक्स" या कंपनीनें ओटिस रेडिंगसारख्या कृष्णवर्णीय गायकांचें "सोल" संगीत येथूनच जगभर नेलें. पण ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स यांचे कान लागले होते ते इंग्लंडकडे. बीटल्सच्या घाटदार चाली, एकमेकांत गुंफलेले आवाज आणि खणखणीत गिटारी यांचें त्यांना वेड होतें. आपल्याच गांवांत हीं मुलें एका अर्थानें परकीं होतीं.

त्यांना आश्रय मिळाला तो "आर्डेंट" नांवाच्या स्टुडिओंत. मालक जॉन फ्राय हा स्वतः उत्तम ध्वनिमुद्रक. गांवांतल्या हौशी पोरांना त्यानें यंत्रें चालविण्यास शिकविलें आणि धंद्याचें काम नसेल त्या वेळीं स्टुडिओ त्यांच्या हवालीं केला. व्यापारी दृष्टीनें पाहतां हा वेडेपणाच. पण त्या वेडेपणावांचून ही तबकडी झालीच नसती. तासांचे पैसे मोजून स्टुडिओ घेणाऱ्यास एकच ओळ दहादां गाऊन पाहण्याची चैन परवडत नाहीं. बेलला ती परवडली, आणि त्यानें ती पुरेपूर भोगली.

चौथा गडी अॅलेक्स चिल्टन. त्याची कथा निराळी. १९६७ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, "बॉक्स टॉप्स" या संचाचा गायक म्हणून त्यानें म्हटलेलें "द लेटर" हें दोन मिनिटांहूनहि तोकडें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें होतें. कीर्ति म्हणजे काय, आणि तिच्यांतून गायकाच्या हातीं किती थोडें उरतें, हें त्यानें मिसरूड फुटण्याच्या वयांत पाहिलें. १९७० सालीं तो संच सोडून तो मोकळा झाला, कांहीं काळ न्यूयॉर्कला राहिला आणि परत येऊन बेलच्या मंडळींत सामील झाला. संचाला नांव दिलें तें एका किराणा दुकानाच्या पाटीवरून. आणि त्यांत तबकडीचें नांव "पहिल्या क्रमांकाची"! यांत थट्टा किती आणि महत्त्वाकांक्षा किती, हें आतां वेगळें काढतां यावयाचें नाहीं. मला वाटतें, चिल्टनच्या बाजूनें थट्टा अधिक होती. बेलच्या बाजूनें ती मुळींच नव्हती.

तबकडींत बारा गाणीं आहेत. बहुतेकांवर बेल आणि चिल्टन या दोघांचीं जोडनांवें आहेत, बीटल्समधील लेनन-मॅकार्टनी या जोडीच्या धर्तीवर. तरीहि दोघांचे स्वभाव लपत नाहींत. बेलचा आवाज उंच, ताणलेला, आतां तुटतो कीं काय अशी धास्ती वाटावी असा. "फील" या पहिल्याच गाण्यांत तो दार ठोठावणाऱ्या माणसासारखा येतो. त्याच्यामागून "द बॅलड ऑफ एल गूडो" मध्यें चिल्टन येतो तो शांत, कांहींसा थकलेला, पण न वांकणारा. पहिल्या गाण्यानें दचकलेल्या मनाला दुसरें गाणें सांवरून धरतें. हा अनुक्रम ज्यानें ठरविला त्याला माणसाच्या मनाची चांगली जाण असली पाहिजे.

"थर्टीन" हें गाणें मला या सर्वांत श्रेष्ठ वाटतें. शाळकरी वयांतला एक मुलगा आपल्या आवडत्या मुलीशीं बोलत आहे, एवढाच विषय. ढोल नाहीं, गोंगाट नाहीं. गिटारीच्या तारा आणि मागून हळूच मिसळणारे आवाज. त्या वयांतील प्रेमावर प्रौढ माणसें लिहूं लागलीं म्हणजे एक तर लाडिकपणा येतो, नाहीं तर उपहास. येथें दोन्ही नाहींत. मुलगा जितका संकोचतो तितकेंच गाणेंहि संकोचतें, आणि पुरें तीन मिनिटेंहि न होतां संपतें. "इन द स्ट्रीट" मध्यें कांहीं उद्योग नसलेल्या पोरांची गांवांतल्या रस्त्यांवरची संध्याकाळ आहे. "ट्राय अगेन" ही तर उघड प्रार्थनाच म्हणावयाची. सगळेंच सारखें साधलें आहे असें मात्र नाहीं. "डोन्ट लाय टु मी" मधला दांडगेपणा मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. हमेलनें रचलेल्या "द इंडिया साँग" विषयीं आपणांस कुतूहल वाटेल. पण त्यांतला हिंदुस्थान नकाशावरचा नव्हे. निवांत बंगल्यांत राहणाऱ्या एखाद्या जुन्या गोऱ्या साहेबाच्या स्वप्नांतला तो आहे. आपण हंसून पुढें जावें हें बरें.

या सर्वांवर फ्रायच्या हाताचा ठसा आहे. धातूच्या तारांची साधी गिटार आणि विजेची गिटार या एकमेकींवर रचल्या आहेत, तरी एकीनें दुसरीला झांकलेलें नाहीं. ध्वनि स्वच्छ आहे, थंड मात्र नाहीं. त्या काळच्या इतर कित्येक तबकड्या आज ऐकतांना त्यांचें वय जाणवतें. हिचें फारसें जाणवत नाहीं.

मग झालें काय? समीक्षकांनीं ती उचलून धरली. "बिलबोर्ड" सारख्या व्यापारी पत्रानेंहि यांतलें वाटेल तें गाणें सुटें काढून विकतां येईल असा निर्वाळा दिला. अडलें तें वखारींत. आर्डेंटची तबकड्यांची शाखा स्टॅक्सच्या छत्राखालीं होती, आणि स्टॅक्सचा सारा जम सोल संगीताच्या बाजारांत. गोऱ्या पोरांच्या गिटारीची तबकडी कोणत्या दुकानांत ठेवावयाची, कोणाकडून मागणी आणावयाची, ही त्यांच्या माणसांची वहिवाटच नव्हती. गाणें ऐकून कोणी दुकानीं गेलाच, तर रिकाम्या हातीं परत येई. १९७२ च्या अखेरीस स्टॅक्सनें वितरणाचा करार "कोलंबिया" या बलाढ्य कंपनीशीं केला. आतां माल गांवोगांव जाईल अशी आशा होती. घडलें उलटेंच. लहान वितरकांच्या जुन्या साखळीशीं व्यवहार ठेवण्यास कोलंबिया तयार नव्हती, आणि दुकानांत ज्या थोड्या प्रती होत्या त्याहि परत काढून घेण्यांत आल्या. करार घडवून आणणारे कोलंबियाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांना १९७३ च्या मे महिन्यांत पदावरून दूर केलें गेलें. मग त्या कराराला वालीच उरला नाहीं. १९७५ च्या डिसेंबरांत स्टॅक्सचें दिवाळें वाजलें. त्या पहिल्या काळांत तबकडीच्या दहा हजारहि प्रती खपल्या नाहींत.

यावर कोणी म्हणेल, दोष केवळ वितरणाचा कसा? तो काळ लांबलचक वादनांचा आणि गडगडाटी रॉक संगीताचा होता. असलीं नेटकीं, आटोपशीर गाणीं लोकांना जुनाट वाटलीं असतीं. आक्षेप ऐकावयास बरा वाटतो, पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. त्याच १९७२ सालीं, त्याच बीटल्सच्या शाळेंत तयार झालेल्या, ओहायो संस्थानांतील "रॅस्पबेरीज" नांवाच्या संचाचें "गो ऑल द वे" हें गाणें अमेरिकेंतील पहिल्या पांच गाण्यांत जाऊन बसलें. त्यांची तबकडी "कॅपिटल" या मोठ्या कंपनीची होती. लोकांना असलें संगीत नको होतें असें म्हणावयास जागाच राहत नाहीं.

परंतु हा हिशेब आज मांडणें सोपें आहे. बेलला तो मांडतां आला नाहीं. त्याच्या दृष्टीनें एकच गोष्ट स्पष्ट होती, कीं आपण सर्वस्व ओतलें आणि जगानें तोंड फिरविलें. शिवाय जें कांहीं लिहिलें गेलें त्यांत नांव पुढें येई तें पूर्वीं गाजलेल्या चिल्टनचें. निराशेनें ग्रासलेला बेल १९७२ सरतां सरतां संचांतून बाहेर पडला. राहिलेल्या तिघांनीं १९७४ सालीं "रेडिओ सिटी" ही दुसरी तबकडी काढली. तिचीहि तीच गत झाली. बेल एकट्यानें गाणीं करीत राहिला, युरोपांतल्या स्टुडिओंत जाऊन त्यांवर काम करून आला आणि शेवटीं मेंफिसला वडिलांच्या उपाहारगृहाच्या धंद्यांत लागला. "आय अॅम द कॉसमॉस" हें त्याचें गाणें १९७८ सालीं एका चिमुकल्या कंपनीनें काढलें. त्याच वर्षीं २७ डिसेंबरला मोटारीच्या अपघातांत तो गेला. वय २७. त्याच्या गाण्यांची पूर्ण तबकडी निघावयास १९९२ साल उजाडावें लागलें.

इकडे त्या थोड्याशा प्रती मात्र स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९७३ च्या मे महिन्यांत आर्डेंटच्या मंडळींनीं देशभरच्या संगीत-लेखकांचें एक संमेलन मेंफिसला भरविलें. त्यांत बेलवांचून उरलेल्या तिघांचें वादन ऐकून गेलेले लेखक पुढें हें नांव विसरले नाहींत. १९७८ सालीं इंग्लंडांत पहिल्या दोन्ही तबकड्या एकत्र पुन्हां निघाल्या. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून लहान कंपन्यांमार्फत गिटारीचें संगीत काढणारी जी पिढी १९८० नंतर पुढें आली, आणि जिच्या संगीताला पुढें "इंडी" हें नांव पडलें, तिनें बिग स्टारला आपला पूर्वज मानलें. जॉर्जिया संस्थानांतील "आर. ई. एम." या संचानें हें ऋण उघडपणें सांगितलें, स्कॉटलंडमधील "टीनेज फॅनक्लब"च्या गाण्यांत तें न सांगतांहि ऐकूं येतें. १९८७ सालीं निघालेल्या आपल्या तबकडीसाठीं "द रिप्लेसमेंट्स" हे मिनेसोटाचे वादक खुद्द आर्डेंट स्टुडिओंत येऊन ध्वनिमुद्रण करून गेले. त्या तबकडींतल्या एका गाण्याचें नांवच "अॅलेक्स चिल्टन" असें आहे. १९९८ पासून "इन द स्ट्रीट" हें गाणें दुसऱ्यांच्या आवाजांत एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचें शीर्षकगीत झालें. ज्यांनीं बिग स्टारचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा घरांतून तें दर आठवड्याला वाजूं लागलें.

चिल्टनला या पूजेचें फारसें कौतुक नव्हतें. मधल्या काळांत त्यानें न्यू ऑर्लीन्सच्या एका उपाहारगृहांत भांडीं घासलीं होतीं, आणि जुन्या गाण्यांविषयीं विचारलें तर तो बहुधा विषय टाळी. तरी १९९३ च्या एप्रिलांत मिसुरी विद्यापीठांत तो आणि स्टीफन्स दोन तरुण वादकांना सोबत घेऊन पुन्हां बिग स्टार या नांवानें उभे राहिले, आणि तो क्रम पुढें सतरा वर्षें अधूनमधून चालला. १७ मार्च २०१० रोजीं चिल्टन वारला. त्याच आठवड्यांत टेक्सासमधील ऑस्टिन येथें त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. तो त्याच्या स्मरणार्थ पार पडला. विमानांच्या कारखान्यांत अभियंता म्हणून उमर घालविलेला हमेल त्या दिवशीं कित्येक वर्षांनीं रंगमंचावर आला. जुलैंत तोहि गेला. त्या वर्षाच्या अखेरीस चौघांपैकीं एकटा जोडी स्टीफन्स उरला होता.