क्रांतिपूर्व रशियातील मूकपट : एका विस्मृत दशकाचा इतिहास

रशियन चित्रपट म्हटला की मराठी रसिकाला सेर्गेई आयझेन्स्टाइन आणि त्यांचा १९२५ सालचा 'बॅटलशिप पोटेमकिन' आठवतो. फिल्म सोसायट्यांनी दाखविले ते हेच चित्रपट, आणि ग्रंथांतून वाखाणले गेले तेही हेच. त्यामुळे रशियात चित्रपटकलेचा जन्म १९१७ च्या क्रांतीनंतर झाला, असा समज दृढ झाला. वस्तुतः क्रांतीपूर्वीच्या दहा वर्षांत त्या देशात दीड हजारांहून अधिक चित्रपट निर्माण झाले होते. त्यांतील जेमतेम सहावा हिस्सा आज उपलब्ध आहे. उरलेले चित्रपट नष्ट झाले. त्यांची नावे आणि कथानके मात्र पुष्कळ अंशी टिकली. ती कशी टिकली, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली. त्याआधी दोनच महिने, मे १८९६ मध्ये, ती सेंट पीटर्सबर्ग येथे झळकली होती. त्याच महिन्यात मॉस्कोत झार दुसरा निकोलस याचा राज्याभिषेक झाला, आणि तो सोहळा ल्युमिएर यांच्या छायाचित्रकारांनी टिपला. त्या उन्हाळ्यात निझ्नी नॉव्हगोरोदच्या प्रदर्शनात ही चित्रे पाहून मॅक्सिम गॉर्की यांनी आपली अस्वस्थता वृत्तपत्रातून व्यक्त केली. त्या नि:शब्द, करड्या छायांच्या जगाने ते भारावले, तसेच हादरलेही. तथापि पुढील बारा वर्षे रशियन प्रेक्षक प्रामुख्याने परक्यांचेच चित्रपट पाहत राहिला. पाते, गोमाँ या फ्रेंच कंपन्यांची बाजारपेठेवर घट्ट पकड होती.

ही स्थिती १९०८ साली पालटू लागली. अलेक्झांडर द्रान्कोव्ह या पीटर्सबर्गच्या छायाचित्रकाराने स्तेन्का राझिन या लोकगीतांतल्या बंडखोर कोसॅक नायकावर एक चित्रपट काढला. तो सहा-सात मिनिटांचाच होता. परंतु कथा रशियन, नट रशियन, आणि सोबतीचे संगीत इप्पोलितोव्ह-इव्हानोव्ह या मान्यवर संगीतकाराचे. द्रान्कोव्हचा प्रतिस्पर्धी अलेक्झांडर खान्झोन्कोव्ह हा निवृत्त लष्करी अधिकारी होता. त्याने १९११ साली गोन्चारोव्ह यांच्या सहकार्याने 'सेव्हास्तोपोलचे संरक्षण' हा सुमारे दीड तासाचा युद्धपट सिद्ध केला. क्रिमियन युद्धात लढलेले, तोवर हयात असलेले वृद्ध सैनिकही त्यात दिसतात. त्याचा पहिला खेळ लिव्हादियाच्या राजवाड्यात खुद्द झारसमोर झाला. खान्झोन्कोव्हच्याच संस्थेत व्लादिस्लाव स्तारेविच याने १९१२ साली मृत कीटकांच्या अवयवांना तारा जोडून, एकेक चित्र टिपत, 'कॅमेरामनचा सूड' हा विनोदी चित्रपट रचला. हे कीटक जिवंत आणि शिकविलेले असावेत, असे तेव्हा काहींना वाटले म्हणतात.

१९१४ साली महायुद्ध पेटले, सीमा बंद झाल्या आणि परदेशी चित्रपटांची आवक घटली. देशी निर्मितीला एकाएकी मोकळे रान मिळाले. या काळातील दोन दिग्दर्शक विशेष महत्त्वाचे ठरतात. याकोव्ह प्रोताझानोव्ह याने पुश्किनच्या कथेवरून 'हुकमाची राणी' (१९१६) आणि टॉल्स्टॉयच्या कथेवरून 'फादर सेर्गियस' (१९१८) हे चित्रपट केले. दोहोंत इव्हान मोझ्झुखिन या श्रेष्ठ नटाची प्रमुख भूमिका होती. दुसरा दिग्दर्शक येव्गेनी बाउएर. रंगभूमीवरील नेपथ्याचा अनुभव घेऊन तो चित्रपटात आला आणि चार-पाच वर्षांत त्याने सुमारे ऐंशी चित्रपट केले. खांब, पडदे, जिने आणि दिव्यांचा प्रकाश यांच्या योजनेतून तो पडद्यावर खोली निर्माण करीत असे. तुर्गेन्येव्हच्या कथेवरील 'मृत्यूनंतर' (१९१५) आणि 'मरणासन्न हंस' (१९१७) या त्याच्या चित्रपटांत प्रेमापेक्षा मृत्यूचीच ओढ अधिक जाणवते.

या चित्रपटांची गती संथ होती. नटाने क्षणभर थांबावे, मनातील खळबळ मुद्रेवर उमटू द्यावी, यालाच कलेचे मर्म मानले जाई. शेवट दुःखान्त असे. अमेरिकेत ग्रिफिथ याने १९०९ साली दाखविलेल्या एका कथेत घरात दरोडेखोर शिरत असताना पत्नी दूरध्वनीवरून पतीला कळविते आणि तो वेळेवर पोहोचतो. प्रोताझानोव्हने १९१४ साली हीच कथा घेतली. त्याच्या चित्रपटात पती पोहोचतो तेव्हा पत्नीचा खून झालेला असतो. रशियन प्रेक्षकाची ही अभिरुची इतकी सर्वश्रुत होती की, एकाच चित्रपटाचे दोन शेवट तयार होत : परदेशासाठी सुखान्त, स्वदेशासाठी दुःखान्त.

या कलावंतांच्या वाट्यालाही सुखान्त आला नाही. बाउएर जून १९१७ मध्ये क्रिमियात न्यूमोनियाने वारला. त्याने पुढे आणलेली, देशभर लोकप्रिय झालेली अभिनेत्री व्हेरा खोलोद्नाया फेब्रुवारी १९१९ मध्ये ओदेसा येथे इन्फ्लुएंझाच्या साथीत पंचविसाव्या वर्षी गेली. २७ ऑगस्ट १९१९ रोजी लेनिनने चित्रपटव्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचा हुकूमनामा काढला. मोझ्झुखिन आणि प्रोताझानोव्ह फ्रान्सला गेले. खान्झोन्कोव्हनेही देश सोडला. तो १९२३ साली परतला, परंतु पूर्वीचे स्थान त्याला पुन्हा लाभले नाही. नव्या राजवटीला हे चित्रपट ऱ्हासशील, भांडवलदारी अभिरुचीचे वाटले. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवर छापलेल्या प्रती जळाल्या, कुजल्या, हरवल्या. वाचलेल्या अनेक प्रतींतून मजकुराच्या पाट्या गळाल्या आणि कथेचे सूत्र तुटले.

अशा वेळी उपयोगी पडला तो छापील कागद. 'सिने-फोनो' हे नियतकालिक १९०७ पासून मॉस्कोत निघत होते. त्याच्यासारखी इतरही नियतकालिके होती. त्यांतून नव्या चित्रपटांची कथानके, जाहिराती आणि परीक्षणे नियमाने छापली जात. या सामग्रीचा आधार घेऊन व्हेनिआमिन व्हिश्नेव्स्की या अभ्यासकाने क्रांतिपूर्व कथाचित्रपटांची सूची सिद्ध केली. कोणता चित्रपट, केव्हा प्रदर्शित झाला, कोणी केला, कोणी भूमिका केल्या, याची नोंद त्याने केली. ज्यांची प्रत कोठेही उरली नव्हती, असे चित्रपटही त्याने वगळले नाहीत. १९४५ साली, महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, ही सूची मॉस्कोत ग्रंथरूपाने निघाली. १९४८ साली मॉस्कोजवळ बेलीये स्तोल्बी येथे राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालय स्थापन झाले आणि उरल्यासुरल्या प्रतींना तेथे आसरा मिळाला. १९८९ साली इटलीतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवात त्या जगापुढे आल्या, तेव्हा बाउएर हे नाव अनेक जाणकारांनीही प्रथमच ऐकले.

आपल्याकडेही चित्र निराळे नाही. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) काही भागच उरला आहे, आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन होईपर्यंत बहुतेक भारतीय मूकपट नामशेष झाले होते. रशियात जे चित्रपट पुन्हा कधीच दिसणार नाहीत, त्यांपैकी कित्येकांचा आज एकच पुरावा आहे : व्हिश्नेव्स्कीच्या सूचीतील चार ओळी. त्या ओळी लिहिता आल्या, कारण कोणीतरी एका साध्या व्यावसायिक नियतकालिकाचे अंक रद्दीत न घालता जपून ठेवले होते.