एलिस, ॲल्बर्ट
(२७ सप्टेंबर १९१३ – २४ जुलै २००७). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा प्रवर्तक. जन्म पिट्सबर्ग येथे. बालपण न्यूयॉर्कमध्ये आणि बरेचसे आजारपणात गेले. स्वभावाने तो अत्यंत भिडस्त होता. एकोणिसाव्या वर्षी त्याने महिनाभर एका उद्यानात जाऊन सुमारे शंभर अपरिचित स्त्रियांशी हेतुपुरस्सर संभाषण केले. मैत्री जुळली नाही. तथापि नकारामुळे अनर्थ ओढवत नाही, हे प्रत्ययास येऊन त्याची भीती ओसरली.

कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. (१९४७) मिळविल्यावर तो मनोविश्लेषणाकडे वळला. परंतु गतायुष्याचा उलगडा होऊनही रुग्णांत पुरेशी सुधारणा होत नाही, असे आढळल्याने त्याने १९५५ मध्ये स्वतःची पद्धती मांडली. माणसाला घटना नव्हे, तर तिच्याविषयीची त्याची समजूत अस्वस्थ करते, हा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टीटस याचा विचार तिच्या मुळाशी आहे. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ यांसारख्या हटवादी समजुती युक्तिवादाने खोडून काढणे आणि भीतिदायक प्रसंगांना प्रत्यक्ष सामोरे जाणे, ही तिची दोन प्रमुख अंगे होत. यांतील दुसऱ्याचा पडताळा त्याने तरुणपणी स्वतःवरच घेतला होता. ॲरन बेकच्या उपचारपद्धतीबरोबरच ही पद्धतीही बोधात्मक वर्तनोपचाराचा पाया मानली जाते. न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.