ॲमिनो अम्लांच्या प्रतिबिंबरूपांचे केशनलिका विद्युत् संचारणाने पृथक्करण

उजव्या व डाव्या हातांप्रमाणे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेले ॲमिनो अम्लांचे दोन प्रकार अतिशय बारीक नळीतील विद्रावात उच्च विद्युत् दाब लावून अलग करण्याची पद्धती. ग्लायसीन वगळता प्रथिनांतील सर्व ॲमिनो अम्लांना असे दोन प्रकार संभवतात. त्यांना एल् व डी म्हणतात. सजीवांची प्रथिने जवळजवळ सर्वस्वी एल् प्रकाराची बनलेली असतात, तर प्रयोगशाळेतील साध्या संश्लेषणात दोन्ही प्रकार समप्रमाणात मिळतात. दोहोंचे रेणुभार, वितळबिंदू व विद्युत् भार सारखेच असतात. मात्र ध्रुवित प्रकाशाचे प्रतल ते विरुद्ध दिशांना वळवितात. त्यामुळे विद्युत् क्षेत्र दोहोंना एकाच वेगाने ओढून नेते. नुसत्या विजेने हे काम होत नाही, ही या विषयातील मूळ अडचण होय.

अशा जोडीचे पहिले पृथक्करण लूई पाश्चर यांनी १८४८ मध्ये पॅरिस येथे केले; ते मात्र टार्टारिक अम्लाच्या एका लवणाचे होते. सोडियम अमोनियम टार्टरेटाचे उजवे व डावे स्फटिक त्यांनी भिंगाखाली पाहून हाताने वेचले. हे लवण सु. २७° से.च्या खालीच दोन प्रकारच्या स्फटिकांत वेगळे होते. उष्ण हवेच्या गावी हा प्रयोग बहुधा फसला असता. १८५३ मध्ये पाश्चर यांनी अधिक व्यापक उपाय शोधला. सिंकोनाच्या अल्कलॉइडांपासून मिळणारे, स्वतःच एकहाती असणारे क्षारक त्यांनी अम्लाशी संयोग पावू दिले. उजवा हातमोजा दोन्ही हातांना सारखा बसत नाही, तसेच येथे होते : तयार झालेली दोन लवणे परस्परांची प्रतिबिंबे राहत नाहीत व त्यांची विद्राव्यता भिन्न होते. एमील फिशर यांनी १८९९ च्या सुमारास ॲमिनो अम्लांना बेंझॉइल गट जोडून हाच मार्ग त्यांच्यासाठी वापरला. त्यानंतरच्या सर्व पद्धतींत हे तत्त्व कायम आहे.

विद्युत् संचारणाचा विकास निराळ्या वाटेने झाला. स्वीडनमधील आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये रक्तरसातील प्रथिने या रीतीने अलग केली. त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विजेमुळे तापलेल्या विद्रावात प्रवाह उत्पन्न होऊन अलग झालेले पट्टे पुन्हा मिसळत, हा तिच्यातील मोठा दोष होता. स्टेलन येर्टेन यांनी १९६७ मध्ये सु. ३ मिमी. व्यासाची नळी सतत फिरती ठेवून तो कमी केला. खरा उपाय नळी अरुंद करण्यात होता. जे. डब्ल्यू. जॉर्गेन्सन व के. डी. ल्यूकॅक्स यांनी १९८१ मध्ये ७५ मायक्रोमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत ३०,००० व्होल्टपर्यंत दाब लावून दाखविला. इतक्या बारीक नळीतील उष्णता भिंतीवाटे झटपट निघून जाते.

या दोन वाटा १९८५ मध्ये एकत्र आल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ई. गासमान, जे. ई. कुओ व आर. एन. झेअर यांनी नळीतील विद्रावात तांबे व एल्-हिस्टिडीन यांचे जटिल संयुग मिसळले. अनुस्फुरक डान्सिल गट जोडलेल्या ॲमिनो अम्लांचे रेणू या संयुगाशी क्षणोक्षणी बद्ध व मुक्त होत पुढे सरकतात. एल् व डी प्रकारांचे बंध सारखे बळकट नसल्याने त्यांच्या सरासरी वेगांत फरक पडतो. लेसरच्या साहाय्याने फेम्टोमोल (मोलचा १०^–१५ वा भाग) इतक्या अल्प राशी ओळखता आल्या. हिस्टिडिनाचा हात बदलला की क्रमही उलटतो. एखाद्या मिश्रणात एक प्रकार लेशमात्र असेल, तर तो मोठ्या शिखराच्या आधी बाहेर पडणे सोयीचे असते. त्यासाठी या उलटापालटीचा उपयोग होतो.

पुढे स्टार्चपासून मिळणारी वलयाकार सायक्लोडेक्स्ट्रिने निवडक पदार्थ म्हणून अधिक रूढ झाली. त्यांच्या पोकळीत रेणूचा काही भाग शिरतो. डी. डब्ल्यू. आर्मस्ट्राँग यांनी १९९४ मध्ये व्हँकोमायसीन हे प्रतिजैविक याच कामी वापरले. निवडक पदार्थ बदलण्यासाठी केवळ विद्राव बदलावा लागतो, महागडा स्तंभ नव्हे. ही सोय वर्णलेखनात नाही. उलट, नळीत नॅनोलिटरभरच नमुना मावत असल्याने ही पद्धती विश्लेषणाची आहे, उत्पादनाची नव्हे.

औषधनिर्मितीत तिचे महत्त्व उघड आहे. पार्किन्सन रोगावर दिल्या जाणाऱ्या डोपा या ॲमिनो अम्लाचा एल् प्रकारच गुणकारी आहे. १९६७ मध्ये दोन्ही प्रकारांचे मिश्रण दिलेल्या काही रुग्णांत रक्तातील श्वेत कोशिका घटल्याचे आढळले होते. तेव्हा औषधातील डी प्रकाराचा अंश तपासणे अगत्याचे ठरते.

परग्रहांवरील जीवसृष्टीच्या शोधातही एकाच हाताचे आधिक्य हे महत्त्वाचे लक्षण मानतात. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे १९६९ मध्ये पडलेल्या अशनीच्या अर्कातील ॲमिनो अम्लांचे प्रकार १९९९ मध्ये काचेच्या चकतीवर कोरलेल्या सूक्ष्म नलिकेत विद्युत् संचारणाने अलग करण्यात आले. येथे सावधगिरी लागते, कारण हाताच्या स्पर्शानेही पृथ्वीवरील एल् प्रकार नमुन्यात शिरतो. म्हणून पृथ्वीवरील जीवांत क्वचितच आढळणाऱ्या आयसोव्हॅलिनासारख्या अम्लांचा पुरावा अधिक विश्वसनीय धरतात. अशा अम्लांत एल् प्रकाराचे अल्प आधिक्य असल्याचे जे. आर. क्रोनिन व एस. पिझ्झारेलो यांनी १९९७ मध्ये वायुवर्णलेखनाने दाखविले होते. ते जीवांविनाही उद्भवलेले असल्याने, केवळ थोड्याशा आधिक्यावरून जीवसृष्टीचे अनुमान काढता येत नाही.