पान्हा आणि माज

मुंबईच्या दुधाचा इतिहास सहसा लिटर आणि भाव यांत मोजला जातो. मला त्यात गोठ्यातले दोन शब्द अधिक बोलके वाटतात : पान्हा आणि माज. दोन्हींमागे संप्रेरके असतात. शहराने पान्ह्यासाठी वाटेल ते केले आणि माजाकडे पाठ फिरवली.

वासरू ढुसण्या देते, तेव्हा मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि कासेत दूध उतरते. शहरातल्या तबेल्यात रेडकू जगवणे म्हणजे दुधाला वाटेकरी ठेवणे. मग पेंढा भरलेले कातडे म्हशीपुढे धरले जाई किंवा योनिमार्गात हवा फुंकली जाई. हाच तो ‘फुंका’. कलकत्त्यातल्या अशा क्रौर्याचे वर्णन वाचणे, हे गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडण्यामागचे एक कारण होते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२व्या कलमाने फुंका दंडनीय ठरवला. तोवर रसायनशास्त्राने पुढचे पाऊल टाकले होते. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फुंक्याने शरीरातून जे ओढून काढले जाई, तेच आता सुईतून देता येऊ लागले.

माजाची गोष्ट वेगळी. व्याल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण चाळीस दिवस लागतात. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण राहते. म्हणजे वर्षाला एक वेत हवे, तर दोन महिन्यांच्या आत ती फळायला हवी. पण म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो आणि दावणीला जखडलेल्या जनावरात तो ओळखणे आणखी कठीण. तबेलेवाल्याला ती चिंताही नव्हती. गुजरात-हरियाणातून ताजी व्यालेली म्हैस आणायची, दूध आटले की भाकड म्हणून काढायची. पुष्कळदा तिची पुढची वाट खाटकाकडे जाई. एका वेताची म्हैस हा शहराचा हिशेब होता.

१९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आमच्या बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून आरे वसाहत उभी राहिली. म्हशींना मोकळी हवा मिळाली. १९७६च्या कायद्याने शहरात गुरे पाळण्यावर नियंत्रण आले. तबेले डापचरीला हलवण्याची योजनाही झाली. गोठ्याची जागा बदलत राहिली. पुढच्या वेताचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे एक उत्तर १९९५ मध्ये अमेरिकेतून आले. ‘ओव्हसिंक’ पद्धतीत पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच द्यायचे आणि मग ठरल्या वेळी कृत्रिम रेतन करायचे. माज दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. अर्थात उपाशी, अशक्त जनावराला सुई गाभण करत नाही. चारा आधी, औषध नंतर.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने दुग्धव्यवसायातल्या गैरवापराचे कारण देत ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ते औषध बाळंतिणींना दुर्मीळ होईल, या चिंतेची दखल घेत दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरात ती रद्द केली. दोष औषधाचा नव्हताच. आजचे दूध काढायला सुई उचलायची की उद्याचे वेत साधायला, हे गोठ्याचा हिशेब ठरवतो. आणि त्या हिशेबात स्वस्त दूध मागणारे आपणही आहोत.